वाचनालयासाठी पुस्तकं कशी निवडावीत, आणि कुणी आक्षेप घेतला तर काय करावं

काही वर्षांपूर्वी बडोद्यातल्या आमच्या छोट्या मराठी वाचनालयात एका ज्येष्ठ सभासदांनी एक कादंबरी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे इथे नको." वाद नको म्हणून आम्ही ती मागच्या कपाटात ठेवून दिली. दोन महिन्यांनी एक मुलगी नेमकी तीच मागायला आली. दाखल नोंदवहीत पुस्तक होतं, फळीवर नव्हतं, आणि तिला काय सांगावं ते मला सुचेना. त्याची बोच अजून आहे. त्यानंतर आम्ही जी पद्धत बसवली, ती इथे लिहिते आहे.

आधी एक पानभर निवड-धोरण लिहून काढा. वाचनालय कुणासाठी, कोणते विषय घ्यायचे, निर्णय कोण घेणार, देणगीचं काय करायचं, तक्रार कशी ऐकायची. कार्यकारिणीत मंजूर करून, तारीख घालून भिंतीवर लावा. हे आक्षेप येण्याआधीच व्हायला हवं. नंतर लिहिलेलं धोरण त्या एका पुस्तकासाठी केल्यासारखं दिसतं. आमच्या धोरणाची सुरुवात सयाजीराव महाराजांपासून होते. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यात बोलावलं आणि संस्थानभर मोफत वाचनालयं उभी केली. फिरत्या वाचनालयाच्या पेट्या गावोगाव जायच्या. ज्या गावाला हा वारसा आहे, तिथे पुस्तक लपवणं शोभत नाही.

मग वाचक ओळखा. त्यासाठी मागणीवही आणि देवघेवीची नोंद पुरते. आमच्याकडे आजी-आजोबा आठवड्याला दोन पुस्तकं संपवतात. नातवंडं गुजराती किंवा इंग्रजी शाळेत जातात. घरात मराठी बोलतात, हिंदीमुळे देवनागरीही येते, पण लांब मराठी वाक्य आलं की थकतात. त्यांच्यासाठी मोठ्या टायपाची, भरपूर चित्रांची पुस्तकं वेगळ्या खालच्या फळीवर हवीत. मी शंभरातले चाळीस रुपये मागणीवहीला, तीस मुलांना ठेवते. उरलेल्यात दिवाळी अंक आणि पुस्तकं निवडणाऱ्या समितीची निवड. पुस्तकं पुण्या-मुंबईहून येतात, म्हणून वर्षातून दोनदाच एकगठ्ठा मागवा, टपालखर्च वाचतो. यादी पक्की करताना समितीतल्या प्रत्येकाने, स्वतःला न पटणारं पण वाचकांना हवं असलेलं एकतरी पुस्तक त्यात आहे ना, हे तपासावं. नाहीतर वाचनालय पाच जणांच्या आवडीचं कपाट होऊन बसतं.

देणगीचं प्रकरण नाजूक. दांडिया बाजार, रावपुऱ्यातली जुनी घरं विकली जातात तेव्हा ट्रंकांनी पुस्तकं येतात, आणि देणाऱ्याचे डोळे भरलेले असतात. तरीही "ठेवायचं की नाही ते समिती ठरवेल" हे घेतानाच सांगा, आणि तशी सही घ्या. ट्रंक थेट फळ्यांजवळ आणू नका. वाळवी, कसर दिसते का ते अंगणात उघडून पाहा. संस्थानकाळात बडोद्यात छापलेलं काही सापडलं तर ते बाद करायची घाई नको. हस्तलिखित पोथी असेल तर प्राच्य विद्या मंदिरात, म्हणजे बडोद्यातल्या हस्तलिखितं जपणाऱ्या संस्थेत, दाखवा. एक पथ्य मात्र कडक पाळा: फाटकं, कालबाह्य पुस्तक बाद करताना वादातलं पुस्तक त्या गठ्ठ्यात सरकवू नका.

आता आक्षेप. समोरच्या माणसाला बसवा, पाणी द्या, मधे न बोलता ऐका. बहुतेकांना आपलं म्हणणं कुणीतरी ऐकावं इतकंच हवं असतं, आणि पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात. तरीही आग्रह राहिला तर एक कागद द्या. त्यावर तीनच प्रश्न: पुस्तक पूर्ण वाचलंत का, कोणत्या पानांवर आक्षेप आहे, वाचनालयाने काय करावं असं वाटतं. निकाल लागेपर्यंत पुस्तक फळीवरच राहील, हे त्याच वेळी सांगा. ते पुस्तक कोण कोण घेऊन गेलं, हे मात्र कुणालाही सांगू नका.

आक्षेप तपासायला तीन किंवा पाच जणांची समिती नेमा. त्यांनी पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं; तुटक पानांवर निकाल देऊ नये. मुदत तीस दिवस. मोठ्यांचं पुस्तक चुकून मुलांच्या फळीवर गेलं असेल तर जागा बदला, ती आपली चूक आहे. पण जागा बदलणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे.

"या पुस्तकावर बंदी आहे" असं कुणी म्हणालं तर अधिसूचना मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम ९८ खाली राज्य सरकार कारणं देऊन, अधिसूचना काढून पुस्तक जप्त जाहीर करू शकतं, आणि कलम ९९ प्रमाणे दोन महिन्यांत उच्च न्यायालयात त्याविरुद्ध दाद मागता येते. अधिसूचना खरीच निघाली असेल तर ती पाळावी लागते. वकिलाचा सल्ला घ्या. व्हॉट्सअॅपवरचा निरोप किंवा दारात जमलेले दहा जण म्हणजे बंदी नव्हे. जमाव दमदाटी करत असेल तर पोलिसांना कळवा. संध्याकाळच्या पाळीला एकट्या बाई असतील तर सोबतीला आणखी कुणीतरी थांबावं.

निकाल लेखी द्या, पण पत्र धाडण्याआधी फोन करा किंवा घरी जाऊन सांगा. पटलं नाही तर कार्यकारिणीकडे एकदा अपील करता येईल, हेही पत्रात लिहा. त्यानंतर त्याच पुस्तकाची पुन्हा तपासणी तीन वर्षं होणार नाही. पत्राची एक प्रत फाइलला लावा आणि दाखल नोंदवहीत त्या पुस्तकाच्या क्रमांकासमोर तारीख टाका.