स्मारक-सभागृह पुन्हा वापरात आणायचे असेल तर

पहिल्या महायुद्धानंतर हुतात्म्यांसाठी स्तंभ उभारावा की लोकांच्या रोजच्या उपयोगी पडेल अशी वास्तू बांधावी, यावर अनेक देशांत वाद झाला. अमेरिकेतील टेनेसी राज्याने दुसरा मार्ग स्वीकारून नॅशव्हिल येथे १९२५ मध्ये वॉर मेमोरियल ऑडिटोरियम बांधले. ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा रेडिओवरील गाजलेला संगीत-कार्यक्रम १९३९ ते १९४३ या काळात तेथूनच होत असे. अशा वास्तूची अडचण अशी, की स्तंभाला श्रोते लागत नाहीत, सभागृहाला लागतात. कार्यक्रम थांबले की स्मरणही थांबते. इंदूरचा गांधी हॉल युद्धस्मारक नाही. १९०४ मध्ये तो किंग एडवर्ड हॉल म्हणून बांधला गेला आणि स्वातंत्र्यानंतर त्याला गांधीजींचे नाव मिळाले. तरीही एखाद्याच्या स्मरणार्थ नाव दिलेले सार्वजनिक सभागृह जिवंत कसे ठेवावे, हा प्रश्न तेथेही तोच आहे. आपल्या भागातील अशा एखाद्या वास्तूसाठी काही करू इच्छिणाऱ्या मंडळांनी पुढील क्रमाने जावे.

सुरुवात शिलालेखांपासून करावी. कोनशिला, उद्घाटनाची संगमरवरी पाटी, देणगीदारांची यादी आणि हुतात्म्यांची नावे बहुधा वेगवेगळ्या भिंतींवर असतात. त्यांतील एखादी तरी रंगाच्या थराखाली किंवा सूचनाफलकाच्या मागे दडलेली निघते. झिजलेली अक्षरे वाचण्यासाठी खडू, तेल किंवा आम्ल वापरू नये, कारण त्याने दगड बिघडतो आणि तो पुन्हा पूर्वीसारखा होत नाही. संध्याकाळी दिवे मालवून टॉर्च पाटीच्या कडेला भिंतीलगत आडवा धरावा, म्हणजे कोरलेल्या अक्षरांत सावली पडते आणि दिवसा सपाट दिसणारा दगड वाचता येतो. चारही बाजूंनी असा प्रकाश टाकून चार छायाचित्रे घ्यावीत आणि मजकूर चुकांसकट, जसाच्या तसा उतरवावा. शुद्धलेखन सुधारण्याचा मोह येथे आवरावा.

नावे सैनिकांची असतील तर दोन्ही महायुद्धांत मरण पावलेल्या राष्ट्रकुल देशांच्या सैनिकांची नोंद ठेवणाऱ्या, १९१७ मध्ये स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर ती शोधता येतात. तेथे मराठी आडनावांची रोमन रूपे कारकुनाच्या कानावर अवलंबून असत. ‘जाधव’ हे ‘जादव’ किंवा ‘जाधो’ असेही सापडू शकते. म्हणून नावाऐवजी पलटण आणि मृत्यूचे वर्ष यांवरून शोध घेणे अधिक फलदायी ठरते. इंदूर संस्थानाचे वाहतूक दल पहिल्या महायुद्धात परदेशी गेले होते, हे लक्षात ठेवून होळकर संस्थानचे त्या वर्षांचे छापील प्रशासन अहवालही चाळावेत.

यानंतर वास्तूच्या आजच्या स्थितीची कागदोपत्री माहिती मिळवावी. शिष्टमंडळ नेऊन निवेदन देण्याची आपली जुनी सवय आहे. छायाचित्र छापून येते आणि निवेदन फायलीत जाते. त्यापेक्षा माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या अधिनियमाखाली अर्ज करावा, ज्याचे उत्तर सर्वसाधारणपणे ३० दिवसांत देणे बंधनकारक असते. मात्र ‘सभागृह ओस का पडले आहे?’ असा प्रश्न विचारू नये, कारण हा कायदा अस्तित्वात असलेले दस्तऐवज देतो, कारणमीमांसा नाही. मागील तीन वर्षांची आरक्षणाची नोंदवही, भाडे व अनामत रकमेचा ठराव, देखभालीचा खर्च, अग्निशमन विभागाचे प्रमाणपत्र आणि बांधकामाच्या तपासणीचा अहवाल यांच्या प्रती मागाव्यात. नोंदवही हाती आली की वर्षातले किती दिवस आणि कोणत्या महिन्यांत सभागृह रिकामे होते हे मोजता येते, आणि पुढची सगळी चर्चा त्या आकड्यावर करता येते.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, म्हणजे वास्तूला शोभेल असा कार्यक्रम निवडणे. येथे बहुतेक मंडळे चुकतात असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्यांना पहिल्याच दिवशी मुंबई-पुण्याचे दोन अंकी नाटक आणायचे असते. जुनी सभागृहे सभेसाठी बांधलेली असतात. बहुतेकांत विंगा नसतात, नेपथ्य वर ओढून घेण्याची सोय नसते आणि रंगपटाच्या नावाखाली एखादी कोठी असते. शिवाय उंच छत आणि दगडी किंवा संगमरवरी फरशी यांमुळे आवाज घुमतो. रिकाम्या सभागृहाच्या मध्यभागी उभे राहून एक जोरदार टाळी वाजवावी आणि तिचा नाद किती वेळ रेंगाळतो ते ऐकावे. भाषणाला एका सेकंदाच्या आसपासचा निनाद मानवतो. तो दोन सेकंदांच्या पुढे गेला की शब्द एकमेकांत मिसळतात, आणि ध्वनिक्षेपकाचा आवाज वाढवल्याने उलट गोंधळच वाढतो. त्यावर उपाय सोपे आहेत: जाड पडदे, सतरंज्या, श्रोत्यांजवळ ठेवलेले लहान ध्वनिक्षेपक आणि अर्थातच भरलेले सभागृह, कारण माणसेही आवाज शोषतात. गायनाची बैठक, कीर्तन, अभिवाचन आणि ग्रंथप्रदर्शन अशा जागेत खुलतात. व्याख्यानमालाही चालते, फक्त वक्त्याला सावकाश बोलण्याची विनंती आधी करावी.

सजावटीसाठी भिंतींत खिळे ठोकू नयेत. पडदे स्वतंत्र उभ्या चौकटींवर लावावेत. चुन्याच्या गिलाव्यावर कोणी उत्साहाने प्लास्टिक रंग देऊ करत असेल तर नम्रपणे नकार द्यावा, कारण भिंतीतली ओल आत अडकून गिलावा सुटतो.

भाडे पूर्ण माफ करण्याची मागणी टाळावी. अर्ध्या दिवसाचा वेगळा दर आणि कमी अनामत रक्कम मागणे अधिक व्यवहार्य असते. पार्किंग, स्वच्छतागृह आणि ज्येष्ठांसाठी उतार यांची व्यवस्था आमंत्रणातच लिहावी, कारण इंदूरकर विषयाआधी गाडी कुठे लावायची हे विचारतो.

मोठ्या महोत्सवापेक्षा महिन्यातला एक ठरलेला वार धरावा, जसे की दुसरा शनिवार, आणि पन्नास श्रोते आले तरी तो चुकवू नये. प्रत्येक वेळी कार्यक्रमाआधी पाटीवरची पाच नावे वाचावीत. उपस्थिती, भाडे, बिघडलेला पंखा, गळणारा कोपरा असे सर्व काही एका वहीत तारखेनिशी लिहावे आणि सहा महिन्यांनी दर कमी करण्याचा अर्ज करताना त्या वहीची छायाप्रत सोबत जोडावी.