ओळ नको तिथे का तुटते? एन्कोड केलेल्या फाइलमधले नको असलेले एंटर शोधण्याची रीत

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या छोट्या वाचनालयाची सभासद-यादी मी दरवर्षी चवथीच्या आधी नव्याने तयार करते. पत्ते सगळे देवनागरीत. ही यादी एका ऑनलाइन नोंदणीत भरावी लागते. तिथे देवनागरी सरळ टाकली की प्रश्नचिन्हे उमटतात, म्हणून पायथनच्या एका लहान स्क्रिप्टने यादी बेस६४मध्ये (कुठलाही मजकूर साध्या रोमन अक्षरांत आणि आकड्यांत लिहिण्याची एन्कोडिंग पद्धत) बदलायची आणि एका ओळीची टेक्स्ट फाइल पाठवायची, असा आमचा शिरस्ता. एका वर्षी ती फाइल नाकारली गेली. उघडून पाहिले तर एका ओळीच्या जागी ओळींची रांगच. मी घाईत सगळे एंटर पुसले आणि फाइल पुन्हा पाठवली. ती स्वीकारली गेली, पण पलीकडे उलगडल्यावर काही पत्ते वाड्याच्या नावापाशीच तुटलेले निघाले.

त्या एका फाइलमध्ये दोन वेगळे दोष होते. नको असलेला एंटर तीन ठिकाणांहून शिरतो: मूळ मजकुरातून, एन्कोड करताना किंवा फाइल लिहिताना. कुठून शिरला हे कळल्याशिवाय पुसायला घेऊ नका. मूळ मजकुरातला एंटर एकदा एन्कोड झाला की तो एंटर म्हणून दिसतच नाही. तो साध्या अक्षरांच्या रूपात आत बसलेला असतो आणि बाहेरून कितीही पुसले तरी निघत नाही.

खालच्या कमांडची नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टंकताना ती रोमन अक्षरांत टंकायची.

आधी खात्री करा: ओळ खरेच तुटली आहे का?

नोटपॅडमध्ये वर्ड रॅप चालू असेल तर लांब ओळ खिडकीच्या कडेला दुमडलेली दिसते, फाइलमध्ये मात्र काहीच नसते. रॅप बंद करून पाहा. लिनक्स किंवा मॅकवर ‘डब्ल्यूसी’ कमांडला ‘-एल’ पर्याय देऊन फाइलचे नाव द्या. ही कमांड फाइलमधली नव्या ओळीची चिन्हे मोजते. एका ओळीच्या फाइलला ० किंवा १ उत्तर येईल: ० म्हणजे शेवटीही एंटर नाही, १ म्हणजे शेवटी एक आहे. याहून मोठा आकडा आला तर ओळ खरोखर तुटली आहे.

मग बाइट बघा

फाइल म्हणजे बाइटांची, म्हणजे ० ते २५५ मधल्या क्रमांकांची, रांग. पडद्यावर एंटर एकसारखाच दिसतो, पण त्याचे प्रकार आहेत. टेलिप्रिंटरच्या काळात छपाईची जागा ओळीच्या सुरुवातीला परत नेणे आणि कागद एक ओळ वर सरकवणे ही दोन वेगळी कामे होती. त्यातल्या पहिल्याचा क्रमांक १३ (सीआर) आणि दुसऱ्याचा १० (एलएफ). विंडोजच्या टेक्स्ट फाइलमध्ये साधारणपणे दोन्ही जोडीने येतात, लिनक्स आणि आजच्या मॅकवर फक्त १०. हा फरक पुढे कामाला येतो, कारण लिनक्सवरची बेस६४ कमांड उलगडताना १०कडे दुर्लक्ष करते, पण १३ दिसला की ‘अवैध इनपुट’ म्हणून थांबते.

बाइट पाहायला लिनक्सवर ‘ओडी -सी’ आणि विंडोजच्या पॉवरशेलमध्ये ‘फॉरमॅट-हेक्स’ वापरा. पायथनमध्ये फाइल बायनरी पद्धतीने वाचून तिचे पहिले दोनशे बाइट छापले तरी पुरते. हेक्समध्ये (सोळाच्या पटीत अंक लिहिण्याची पद्धत) १० म्हणजे शून्य-ए आणि १३ म्हणजे शून्य-डी. दोन एंटरांमधले अंतर मोजा, त्या एका आकड्यावरून बहुतेक वेळा दोषाचे मूळ कळते.

अंतर ठरावीक असेल तर दोष एन्कोडरचा

दर ७६ अक्षरांनंतर ओळ तुटत असेल तर एन्कोडर ईमेलचा नियम पाळतो आहे. १९९६ च्या माइम मानकात बेस६४ची ओळ जास्तीत जास्त ७६ अक्षरांची ठरली. दर ६४ अक्षरांनंतर तुटत असेल तर तो डिजिटल प्रमाणपत्रांच्या पेम या रचनेचा नियम. २००६ च्या बेस६४ मानकात मात्र, वेगळे सांगितले नसेल तर मधे ओळ तोडू नये, असे स्पष्ट लिहिले आहे. जुनी साधने जुन्या सवयीने चालतात आणि नवी सेवा नव्या मानकाने वाचते, म्हणून दोघांचे जमत नाही.

लिनक्सवरची बेस६४ कमांड आपणहून ७६वर तोडते. तिला ‘-डब्ल्यू ०’ द्या. मॅकची कमांड आपणहून तोडत नाही, त्यामुळे मॅकवर नीट चाललेली स्क्रिप्ट लिनक्स सर्व्हरवर गेली की बिघडते. दोन्हीकडे चालायला हवी असेल तर बेस६४चे आउटपुट पाइपने (एका कमांडचे उत्तर दुसरीला देणाऱ्या उभ्या रेघेच्या चिन्हाने) ‘टीआर -डी’मधून काढून नव्या ओळीचे चिन्ह गाळा. ओपनएसएसएल हे साधन ६४वर तोडते, त्याला मोठा ‘-ए’ द्या. विंडोजची ‘सर्टयुटिल -एन्कोड’ ६४वर तोडते आणि वर-खाली प्रमाणपत्राच्या बिगिन-एंड ओळीही घालते. साध्या मजकुरासाठी ती वापरू नये असेच मी सांगेन. पॉवरशेलमधले ‘कन्व्हर्ट’चे ‘टू-बेस६४-स्ट्रिंग’ सलग ओळ देते.

पायथनमध्ये ‘एन्कोडबाइट्स’ हे फंक्शन ७६वर तोडते आणि शेवटीही एंटर लावते, ‘बी६४एन्कोड’ तसे करत नाही. माझ्या स्क्रिप्टमध्ये पहिले होते. एक शब्द बदलला आणि पहिला दोष गेला. रूबी भाषेचे ‘एन्कोड६४’ दर ६० अक्षरांनी तोडते, तिथे ‘स्ट्रिक्ट’वाले रूप घ्या. मायएसक्यूएल या डेटाबेसचे ‘टू-बेस६४’ ७६वर तोडते, त्याच्या उत्तरातला एंटर ‘रिप्लेस’ने काढावा लागतो.

अंतर ठरावीक नसेल, किंवा एंटर दिसतच नसेल

इथे देवनागरी आपल्या मदतीला येते. बेस६४ तीन बाइट घेऊन चार अक्षरे देते, आणि यूटीएफ-८मध्ये (अक्षरे बाइटांत साठवण्याची आजची रूढ पद्धत) देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, मात्रा असो वा अनुस्वार, नेमके तीन बाइटांचे असते. म्हणजे प्रत्येक चिन्हाची बरोबर चार अक्षरे होतात. ‘गोवा’ म्हणजे ग, ओकार, व आणि काना ही चार चिन्हे, १२ बाइट, १६ अक्षरे. शेवटी बरोबरचे चिन्ह येण्याचे कारणच नाही. नुसत्या देवनागरीची प्रत्येक चौकडी आकडा ४ आणि मोठा के अशी सुरू होते आणि तिसरे अक्षर मोठा एस किंवा मोठा डब्ल्यू असते. ही ओळख डोळ्यांत बसली की निम्मा शोध नुसत्या नजरेनेच होतो.

आता ‘गोवा’ शब्दामागे एक एंटर चिकटला असे समजा. बाइट १३ झाले, अक्षरे २०, आणि शेवट होतो मोठा सी, लहान जी व दोन बरोबरची चिन्हे. एंटर विंडोजचा असेल तर शेवट मोठा डी, मोठा क्यू, लहान ओ आणि एक बरोबरचे चिन्ह. नुसत्या देवनागरी शब्दाच्या शेवटी यातले काही दिसले तर एंटर आत गेला आहे, दुसरे काही नाही. शब्दांत मोकळी जागा, स्वल्पविराम किंवा इंग्रजी आकडे असतील तर ही घडी सरकते, कारण ती एकेका बाइटची असतात. मग शेवट नुसत्या मोठ्या के-वरही होऊ शकतो. मात्र के म्हटले की एंटर असे समजू नका, कारण ‘भाऊ’ हा शब्दही के-वरच संपतो.

सुरुवातही बघा. पहिली चार अक्षरे ७, ७, लहान यू आणि तिरकी रेघ असतील तर फाइलच्या तोंडाशी बीओएम नावाची खूण आहे. एक्सेलला देवनागरी नीट दिसावी म्हणून ती मुद्दाम घालतात, पण एन्कोड करण्याआधी ती काढायला हवी.

हा आतला एंटर बहुधा ‘इको’ कमांडमुळे येतो. इको आपणहून शेवटी एंटर लावते, आणि तिचे आउटपुट पाइपने बेस६४ला दिले की तो एंटरही एन्कोड होतो. परवलीचा शब्द असा एन्कोड केला तर शब्द बरोबर असूनही लॉगिन होत नाही आणि माणूस तासन्‌तास शब्दच तपासत बसतो. इकोऐवजी ‘प्रिंटएफ’ला ‘टक्के-एस’ देऊन शब्द पाठवा. फाइल ओळीओळीने वाचत असाल तर प्रत्येक ओळीच्या शेवटचे १३ आणि १० ‘आर-स्ट्रिप’ने काढून मगच पुढे जा.

माझ्या तुटलेल्या पत्त्यांचे कारण मात्र एक्सेलमध्ये होते. पत्ता टंकणाऱ्याने वाड्याचे नाव वरच्या ओळीत आणि गाव खालच्या ओळीत यावे म्हणून ऑल्ट-एंटर दाबले होते. एका चौकटीत असा एंटर असणे सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली टेक्स्ट फाइल) चुकीचे नाही, तो अवतरणचिन्हांत सुरक्षित राहतो. पण फाइल साध्या ‘रीडलाइन्स’ने वाचली की एका सभासदाचे दोन होतात. सीएसव्ही नेहमी सीएसव्हीच्याच मॉड्यूलने वाचावी. पत्ता एका ओळीत हवा असेल तर एक्सेलमध्येच ‘सब्स्टिट्यूट’ सूत्राने क्रमांक १०च्या जागी स्वल्पविराम आणि मोकळी जागा घाला. ‘क्लीन’ सूत्र एंटर काढते, पण जागा सोडत नाही, त्यामुळे वाडा आणि गाव एकमेकांना चिकटतात. वर्डमधून आलेल्या मजकुरात शिफ्ट-एंटरचे क्रमांक ११चे चिन्हही असू शकते, आणि पायथनचे ‘स्प्लिटलाइन्स’ तेही ओळ म्हणून तोडते.

फाइल लिहिताना शिरणारा एंटर

पायथनचे ‘प्रिंट’ शेवटी एंटर लावते, ‘राइट’ लावत नाही. विंडोजवर टेक्स्ट पद्धतीने फाइल उघडली तर तुमचा प्रत्येक १० लिहिताना १३-१० होतो. तो टाळायचा तर फाइल उघडतानाच ‘न्यूलाइन’ला १०चे चिन्ह द्या आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहा. सीएसव्ही लिहिताना ‘न्यूलाइन’ला रिकामी स्ट्रिंग द्या. ते विसरलात तर विंडोजवर १३-१३-१० असा संच पडतो आणि एक्सेलमध्ये दर ओळीनंतर एक कोरी ओळ दिसते. हे लक्षण दिसले की दुसरीकडे शोधू नका.

पॉवरशेलमध्ये ‘सेट-कन्टेन्ट’ला ‘नो-न्यूलाइन’ हा पर्याय आहे. पण विंडोजसोबत येणाऱ्या ५.१ आवृत्तीत ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह वापरून फाइल लिहिली तर ती यूटीएफ-१६मध्ये जाते, आणि ही गोष्ट मराठी मजकुराला फार महाग पडते. यूटीएफ-१६मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचे दोन बाइट. ‘ऊ’चा क्रमांक हेक्समध्ये ०९०ए आहे, म्हणजे त्याचा एक बाइट थेट १०. बाइट पाहून ओळ तोडणाऱ्या कुठल्याही साधनाला तो एंटर वाटतो. पत्त्यात ‘भाऊसाहेब बांदोडकर मार्ग’ असेल तर ओळ ‘भा’नंतर तुटते आणि पुढचे बाइट एकाने सरकून चिनी वळणाची अनोळखी अक्षरे उमटतात. ‘ऊस’, ‘ऊन’, ‘जाऊ’ या सगळ्यांचे तेच. ओळ नेहमी ऊ-पाशीच तुटत असेल तर एन्कोडिंग तपासा. यूटीएफ-८मध्ये हा धोका नाही, कारण त्यात देवनागरीचा एकही बाइट १२८पेक्षा लहान नसतो. ५.१मध्ये फाइल यूटीएफ-८मध्ये लिहायला ‘आउट-फाइल’ला तसे सांगा, पण ती सुरुवातीला बीओएम घालते हे लक्षात ठेवा. पॉवरशेल ७ आपणहून बीओएमशिवाय यूटीएफ-८ लिहितो.

पाठवण्याआधीची तपासणी

तयार फाइल उलगडा आणि मूळ मजकुराशी बाइटनिहाय ताडून पाहा. लिनक्सवर ‘सीएमपी’ कमांड हे काम करते आणि पहिला फरक कितव्या बाइटवर आहे तेही सांगते. विंडोजवर ‘गेट-फाइलहॅश’ने दोन्ही फाइलींचे हॅश, म्हणजे सगळ्या बाइटांवरून काढलेले ठसे, काढा. ते जुळले नाहीत तर उलगडलेल्या फाइलचा शेवटचा बाइट आधी बघा, एक जास्तीचा १० बहुतेक तिथेच सापडतो.

प्रमाणपत्राची फाइल किंवा ईमेलमधली जोडणी असेल तर मात्र ६४-७६ची तोड तशीच राहू द्या. ईमेलच्या एका ओळीत ९९८पेक्षा जास्त अक्षरे चालत नाहीत, सलग केलेली जोडणी वाटेत कुठेतरी मोडेल. सलग ओळ हवी ती वेब सेवेच्या हेडरमध्ये, जेसन या माहिती-रचनेत आणि आमच्या यादीसारख्या एकओळी फाइलमध्ये. आमच्या स्क्रिप्टच्या शेवटी आता ही उलगडून ताडण्याची तपासणी आहे. ती अडली तर फाइल तयारच होत नाही.