पावसाळ्यात मासिकं न् रेकॉर्डी कशा सांभाळायच्या
कोल्हापूरचा पाऊस सुरू झाला की फोटोग्राफीची, गाड्यांची जुनी मासिकं पहिल्यांदा बघा भावानो, कारण त्या गुळगुळीत आर्ट पेपरवर चकाकीसाठी दिलेला बारीक मातीचा थर ओल धरतो न् पानं एकमेकांना चिकटतात, मग ओढलं की फाटलंच. म्हणून भिंतीपासून चार बोटं लांब, उभी ठेवा, कोंबून नको, मधे ओल शोषणाऱ्या, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाका, रंग बदलला की पुडी बदला. इंडी बँडची, म्हंजे मोठ्या कंपनीशिवाय स्वतःच गाणी काढणाऱ्यांची, एलपी (मोठी रेकॉर्ड) पण उभीच, आडव्या गठ्ठ्यात वाकते. रोज ऐकायला बँडकॅम्पवरनं, म्हंजे बँड स्वतःची गाणी विकतात त्या वेबसाइटवरनं, फ्लॅक फाइल (आवाजाचा दर्जा न घटवणारी) उतरवून घ्या, डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के बँडकॅम्पवाले घेतात, बाकीचं बरंचसं बँडलाच जातं, लय बरं ते. डांबरगोळ्या मात्र अजिबात नको, कागदातनं वास जाता जात नाही.