हाय प्लेन्सवरचा वाऱ्याचा मोसम: आग, धूळ आणि अवचित बर्फ. या चुका टाळा

अमेरिकेत डेन्व्हर, शायेन, अमरिलो अशा गावी नव्याने राहायला आलेला मराठी माणूस हवामानाच्या ॲपमध्ये दोनच गोष्टी बघतो: तापमान किती, आणि पाऊस आहे का. सवयच तशी असते. आपल्याकडे आभाळ भरून आलं की सावध व्हायचं, उघडलं की कपडे वाळत घालायचे. रॉकी पर्वताच्या पूर्वेला पसरलेल्या या उंच, कोरड्या पठारावर, म्हणजेच हाय प्लेन्सवर, सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत ही सवय घात करते. इथला वाईट दिवस बहुतेक वेळा लख्ख उन्हाचा असतो. आग, धुळीचं वादळ आणि अचानक आलेलं हिमवादळ ही तीन वेगळी संकटं वाटतात, पण तिघांनाही बळ वाऱ्याचंच असतं. त्यामुळे पुढे लिहिलेल्या बहुतेक चुका या वारा न बघण्याच्याच चुका आहेत.

ॲपवरचा हसरा सूर्य बघून निर्धास्त होणे

शरदात जेट स्ट्रीमचा, म्हणजे खूप उंचावरून पश्चिमेकडून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्याच्या पट्ट्याचा, जोर वाढतो आणि तो दक्षिणेकडे सरकू लागतो. पश्चिमेकडून येणारी हवा रॉकी पर्वत चढताना आपली ओल तिकडेच टाकते आणि मग पूर्वेच्या उतारावरून खाली येते. खाली येताना ती दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने तापते. पर्वतमाथा साडेतीन-चार हजार मीटरवर आणि डेन्व्हर १,६०० मीटरवर, म्हणजे हिशेब सरळ आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात अचानक छान ऊब येते, लोक अर्ध्या बाह्यांत फिरायला निघतात, आणि त्याच हवेत आर्द्रता १०-१२ टक्क्यांवर उतरलेली असते.

म्हणून तापमानाच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलेले दोन आकडे आधी वाचा: वाऱ्याचे झोत आणि आर्द्रता. पूर्व कोलोरॅडोत रेड फ्लॅग वॉर्निंगचा, म्हणजे आग झपाट्याने पसरेल अशा हवेच्या इशाऱ्याचा, ढोबळ निकष असा: आर्द्रता १५ टक्के किंवा कमी, झोत ताशी ४० किलोमीटर (२५ मैल) किंवा जास्त, आणि ही स्थिती काही तास टिकणारी. त्याआधी एक-दोन दिवस फायर वेदर वॉच येतो. वॉच म्हणजे तयारीला लागा, वॉर्निंग म्हणजे तयारी झालेली असू द्या.

पण इथेच दुसरी चूक दडलेली आहे. रेड फ्लॅग नाही म्हणजे आगीची भीती नाही, असं मुळीच नाही. ३० डिसेंबर २०२१ ला डेन्व्हरजवळच्या बोल्डर काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा) मार्शल फायर ही आग लागली तेव्हा जोरदार वाऱ्याचा इशारा होता, रेड फ्लॅग नव्हता. त्या दिवशी वाऱ्याचे झोत ताशी १६० किलोमीटरच्या वर गेले. सुपीरियर, लुईसव्हिल आणि आसपासची मिळून १,०८४ घरं जळाली, दोघांचा जीव गेला. एकूण जळालेलं क्षेत्र सहा हजार एकरच होतं. इथल्या वणव्यांच्या मानाने फारच कमी. हाय विंड वॉर्निंग, म्हणजे सपाटीवर ताशी ९३ किलोमीटरचे (५८ मैल) झोत, ही अंगणातल्या खुर्च्या आत घेण्यापुरती सूचना समजू नका. महिनाभर पाऊस-बर्फ नसेल तर ती आगीचीही सूचना आहे. त्या वर्षी डेन्व्हरला मोसमातला पहिला मोजण्याजोगा बर्फ १० डिसेंबरला पडला होता. इतका उशीर तिथल्या नोंदींत पूर्वी कधी झालेला नव्हता.

राख थंड झाली असं समजणे

मार्शल फायरच्या तपासात आगीच्या दोन सुरुवाती सांगितल्या गेल्या. एक वीजवाहिनीजवळची. दुसरी जास्त विचार करायला लावते: सहा दिवस आधी जाळलेला कचरा. त्यावर माती टाकलेली होती. आतले निखारे धुमसत राहिले आणि वाऱ्याने माती उडवली.

माती टाकून आग विझत नाही, झाकली जाते. शेगडीतला कोळसा असो, फायर पिटमधली लाकडं असोत की पूजेनंतर अंगणातल्या होमकुंडातली राख असो: पाणी ओता, ढवळा, पुन्हा ओता. हाताची मागची बाजू जवळ नेऊन ऊब लागत नाही तोवर सोडू नका. राख पत्र्याच्या झाकणाच्या डब्यात, घरापासून दूर. कागदी पिशवीत भरून गॅरेजमधल्या कचऱ्याच्या प्लास्टिक पिंपात टाकणारे लोक आहेत, आणि ते चांगले शिकलेसवरलेले असतात.

दिवाळी नेमकी याच मोसमात येते. लाकडी डेकवर पणत्यांची रांग मांडायची इच्छा समजू शकते, पण वाऱ्याच्या दिवशी त्या काचेआड, घरातच बऱ्या. आकाशकंदिलात विजेचा दिवा असतो, त्याची काळजी नाही. फक्त तो उडून जाणार नाही असा बांधा. हवेत उडणारे आणि फुटणारे फटाके खासगी व्यक्तीने वाजवायला कोलोरॅडोत मुळातच मनाई आहे. उरल्या फुलबाज्या, त्यांच्यावरही तुमच्या काउंटीचे आगीचे निर्बंध लागू असतात, ते त्या आठवड्यात तपासा. विझलेली तार गवतात फेकू नका. बादलीभर पाणी शेजारी ठेवायचं आणि त्यातच बुडवायची.

जंगल दूर आहे, आपल्याला काय

हा गैरसमज सपाटीवरच्या नव्या वसाहतींत फार पसरलेला आहे. वणवा म्हणजे डोंगरातलं पाइनचं जंगल, असं चित्र डोक्यात असतं. पठारावर जळतं ते गुडघ्याएवढं गवत. वसंतात पाऊस चांगला झाला की ते भरपूर वाढतं, पहिल्या गारठ्यानंतर पिवळं पडतं, आणि मग कोरड्या हवेत ते तासाभरात पेट घेण्याइतकं सुकतं. काल सर पडून गेली याला आज दुपारी काही अर्थ उरत नाही. मोकळ्या कुरणाला लागून असलेलं घर विकताना 'ओपन स्पेस'चं कौतुक करतात. वाऱ्याच्या बाजूला तसं कुरण असेल तर ते आधी कापून आखूड ठेवलेलं असायला हवं.

कापायचंही सकाळी, दव असताना आणि वारा पडलेला असताना. यंत्राचं पातं दगडावर आपटलं की ठिणगी उडते. गाडी उंच वाळल्या गवतात उभी करू नका, खालचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (इंजिनाचा धूर साफ करणारा भाग) तापलेला असतो. ट्रेलरची साखळी डांबरावर घासत असेल तर आखूड करा. शेतकऱ्यांसाठी हाच मका आणि सूर्यफूल काढणीचा काळ. सूर्यफुलाचा भुसा कम्बाइनच्या (कापणी-मळणी यंत्राच्या) तापलेल्या भागांवर साचून पेटतो, हे तिकडचा प्रत्येक शेतकरी जाणतो आणि यंत्रावर अग्निशामक नळकांडं बाळगतो.

छपराकडे बघणे आणि कुंपण विसरणे

घर वाचवायचं म्हणजे छप्पर चांगलं हवं, हे खरं. पण वाऱ्याच्या आगीत ज्वाळांची भिंत येण्याच्या कितीतरी आधी निखारे येतात, आणि ते सर्वांत कच्ची जागा शोधतात. सलग लाकडी कुंपण ही फटाक्याची वात आहे: एक टोक कुरणाला, दुसरं टोक तुमच्या भिंतीला. मार्शल फायरनंतर झालेल्या पाहण्यांमध्ये हे वारंवार दिसलं. पूर्ण कुंपण बदलणं खर्चाचं असेल तर निदान घराला चिकटलेला शेवटचा दीड-दोन मीटरचा भाग लोखंडी करा. वसाहतीच्या संघटनेचे नियम आड येत असतील तर आधी लेखी विचारा. मार्शलनंतर बऱ्याच ठिकाणी असे नियम सैल झालेत.

भिंतीपासून दीड मीटरपर्यंत जळण्यासारखं काही नको. लाकडी भुशाच्या जागी खडी टाका, खिडकीखालचं ज्युनिपरचं झुडूप काढा. दिसायला गोड, पण तेलकट आणि पेटायला तयार. ऑक्टोबरात कॉटनवुडची पानं पन्हाळीत गच्च भरतात, ती काढा. माळ्याच्या झरोक्यांची जाळी बघा: ३ मिलिमीटरची असेल तर बहुतेक निखारे अडतात, ६ मिलिमीटरची जुनी जाळी त्यांना आत घेते. काथ्याचं पायपुसणं वाऱ्याच्या दिवशी आत घ्या. हे वाचून हसू येईल, पण निखारे उंबऱ्याशीच गोळा होतात.

विमा इथेच तपासा. घराची बाजारातली किंमत आणि ते पुन्हा बांधायचा खर्च हे दोन वेगळे आकडे आहेत. मार्शलमध्ये घर गमावलेल्या बहुसंख्य लोकांचा विमा पुनर्बांधणीला अपुरा पडला. भाड्याने राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी रेंटर्स इन्शुरन्स टाळू नये, मालकाच्या विम्यात तुमचा लॅपटॉप येत नाही.

फोनवर इशारा येईलच, मग निघू

मार्शल फायर सुरू झाल्यापासून तासाभरात सुपीरियरच्या घरांपर्यंत पोचली होती. अनेक रहिवाशांना फोनवर काहीच इशारा आला नव्हता. काउंटीच्या सूचना-यंत्रणेत मोबाइल क्रमांक स्वतः नोंदवावा लागतो. आजच नोंदवा, घरातल्या प्रत्येकाचा. आणि धुराचा वास, आकाशाचा मळकट नारिंगी रंग, उडत येणारी राख दिसली तर इशाऱ्याची वाट बघू नका.

आता नेहमीचा फसणारा प्रसंग: वीज गेली आहे आणि गॅरेजचं दार उघडत नाही. वाऱ्यात तारा तुटतात, किंवा आग टाळायला वीज कंपनीच पुरवठा बंद करते. दाराच्या वरच्या रुळाला एक लाल दोरी लोंबत असते. दार बंद असताना ती ओढली की मोटर सुटते आणि दार हाताने उचलता येतं. एकदा स्वतः करून बघा, मग घरातल्यांना करायला लावा. दार जड असेल तर सरळ उपाय म्हणजे इशाऱ्याच्या दिवशी गाडी बाहेर, तोंड रस्त्याकडे करून, टाकी निम्म्याहून भरलेली.

भारतातून आई-बाबा आलेले असतात, तुम्ही दोघं कामावर, आणि त्यांना गाडी चालवता येत नाही. याचा विचार फार थोडी घरं करतात. दिवसा घरी असणाऱ्या एका शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवा. "काका, दार वाजलं की औषधांची पिशवी घ्या आणि त्यांच्याबरोबर निघा," एवढं त्यांना स्पष्ट सांगितलेलं हवं. पासपोर्ट, व्हिसाचे कागद, औषधं, चष्मा एका पिशवीत, दाराजवळ.

निघताना काल वारा कुठून होता यावर विसंबू नका. थंड हवेचा पट्टा आला की पश्चिमेचा वारा उत्तरेचा होतो आणि आगीची लांबच लांब बाजू एकदम तिचं तोंड बनते. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२४ च्या स्मोकहाउस क्रीक वणव्यात हेच झालं. दहा लाख एकरांहून जास्त जमीन जळाली. तुटलेली तार गाडीवर पडली तर आतच बसा आणि ९११ ला फोन करा.

धुळीत दिवे लावून कडेला थांबणे

पीक निघालेली शेतं उघडी पडली की वारा माती उचलतो. १४ मार्च २०२५ ला कॅन्ससात गुडलँडजवळ आय-७० या महामार्गावर धुळीत ७१ वाहनं एकमेकांवर आदळली, आठ जण गेले. तो वसंत होता, पण नांगरलेली कोरडी जमीन आणि जोराचा वारा शरदातही असतोच.

समोर मातकट भिंत दिसली तर आत शिरूच नका, आधीच्या एक्झिटला उतरा. सापडलातच तर रस्त्यापासून शक्य तितकं दूर जा, सगळे दिवे बंद करा, हँडब्रेक लावा, ब्रेकवरचा पाय काढा. दिवे बंद का? मागून येणारा आंधळेपणाने तुमचे लाल दिवे धरून गाडी चालवत असतो, आणि तुम्ही थांबलेले असता. धोक्याचे लुकलुकणारे दिवेही नकोत. सामान हलवायला भाड्याचा उंच ट्रक घेतला असेल तर वायोमिंगमधल्या आय-८० वर हलक्या, उंच वाहनांना बंदी असताना जायचं नाही. रिकामा ट्रक आडवा होतो.

काल ३० अंश होतं, मग स्वेटर कशाला

५ सप्टेंबर २०२० ला डेन्व्हरला १०१ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस होतं. ८ तारखेला बर्फ पडला. त्या बर्फाने डोंगरातला कॅमरन पीक वणवा मंदावला, विझला मात्र नाही. ऑक्टोबरात तो पुन्हा भडकला. साउथ डकोटाच्या पश्चिम भागात ऑक्टोबर २०१३ च्या सुरुवातीला आधी पाऊस झाला, मग ओला बर्फ आणि सोसाट्याचा वारा आला. गुरं उन्हाळी कुरणातच होती, अंगावर थंडीची लोकर आलेली नव्हती. हजारो मेली.

म्हणून सप्टेंबरपासूनच गाडीत ब्लँकेट, पाणी, टॉर्च आणि छोटं फावडं ठेवा. अडकलात तर गाडी सोडून चालत जाऊ नका. तासाला दहा मिनिटं इंजिन चालवा, त्याआधी मागचा धुरांड्याचा पाइप बर्फातून मोकळा करा आणि एक काच किंचित उघडी ठेवा.

आय-७० वर लिमन किंवा बर्लिंग्टनला फाटक बंद दिसलं तर तिथेच मोटेल बघा, आणि लवकर, कारण तासाभरात खोल्या संपतात. फोनवरचा नकाशा त्याच वेळी उत्तरेच्या कच्च्या काउंटी रोडचा 'मोकळा' मार्ग सुचवेल. तो मोकळा दिसतो, कारण तो बंद करायला अजून कुणी गेलेलं नसतं.