कार्ड नवं, वर्गणी जुन्याच कार्डावर

गेल्या महिन्यात बँकेचं नवं कार्ड आलं. त्याच संध्याकाळी मी ते फोनमध्ये भरलं, डीफॉल्ट केलं, जुनं बँकेला सांगून बंद करून घेतलं आणि कात्रीने त्याचे चार तुकडे केले. झालं काम, असं समजून झोपले. तिसऱ्या दिवशी माझ्या नोंदवहीच्या ॲपने कळवलं, 'पेमेंट होऊ शकलं नाही.' मी 'पुन्हा प्रयत्न करा' दाबलं. पाच वेळा. पाचही वेळा ते ॲप मेलेल्या जुन्याच कार्डाकडे पैसे मागत होतं आणि मी मात्र नव्या कार्डाच्या नावाने बोटं मोडत होते.

तेव्हा पहिलं काम म्हणजे बटण दाबणं थांबवणं. लागोपाठ नकार मिळत गेले की बँकेच्या यंत्रणेला संशय येतो आणि बरं-चालतं कार्डही ती काही काळ अडवून ठेवू शकते. त्याऐवजी बँकेचं ॲप उघडा आणि पैसे गेलेत का ते बघा. तिथे रक्कम 'प्रलंबित' दिसत असेल तर ती बहुतेक वेळा नुसती अडवून ठेवलेली असते, कापलेली नसते. व्यवहार पुरा झाला नाही की काही दिवसांत ती आपोआप मोकळी होते. नवं कार्ड भरताना एखादी चिल्लर रक्कम अशीच अडकते आणि सुटते. ती कार्ड जिवंत आहे की नाही याची तपासणी असते, तिच्यावरून बँकेशी भांडू नका.

मग एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं: पैसे घेतंय कोण? इथे निम्मे लोक चुकतात, मीही चुकले होते. काही ॲप्स पैसे गुगल प्ले किंवा ॲपलच्या ॲप स्टोअरमार्फत घेतात, काही स्वतःच कार्ड साठवून थेट घेतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. मागच्या वेळची पावती मेलमध्ये शोधा. ती गुगल किंवा ॲपलकडून आली असेल तर दुरुस्ती स्टोअरच्या सेटिंगमध्ये होईल. ॲपच्या कंपनीकडून आली असेल तर स्टोअरमध्ये कितीही कार्डं बदला, उपयोग शून्य. त्या ॲपच्या किंवा वेबसाइटच्या 'बिलिंग'मध्येच जावं लागेल.

गुगल प्लेमधून पैसे जात असतील तर प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जा. तिथे दोन वेगळे दरवाजे आहेत. 'पेमेंट मेथड्स'मध्ये तुम्ही कार्ड भरता. पण चालू वर्गणी ज्या कार्डाला बांधलेली आहे ते 'सबस्क्रिप्शन्स'मध्ये त्या-त्या वर्गणीच्या आत लिहिलेलं असतं. माझं घोडं इथेच पेंड खात होतं. वर्गणीच्या नावावर टिचकी मारली तर खाली बारीक अक्षरात कार्डाचे शेवटचे चार आकडे, आणि ते आकडे कात्रीने कापलेल्या कार्डाचे! शेजारी 'अपडेट' होतं. ते दाबलं, नवं कार्ड निवडलं, आणि मिनिटाभरात पावती आली. तिथेच पर्यायी पेमेंट पद्धतही ठेवता येते. ठेवाच. आणि एका वर्गणीचं कार्ड बदललं म्हणजे सगळ्यांचं बदललं असं नाही, प्रत्येक उघडून बघा.

आयफोनवर गंमत वेगळी. 'सेटिंग्ज'मध्ये आपल्या नावावर, मग 'पेमेंट अँड शिपिंग'मध्ये गेलं की पद्धतींची यादी दिसते आणि ॲपल ती वरून खाली अशा क्रमाने वापरून बघतं. म्हणून 'एडिट' करून नवं कार्ड ओढून सगळ्यात वर न्यायचं. खात्यात मागची एखादी थकबाकी असेल तर ती चुकती होईपर्यंत नवी खरेदी होत नाही, त्यामुळे 'पर्चेस हिस्टरी'त न भरलेली रक्कम दिसते का पाहा. कुटुंबासाठी खरेदी एकत्र केली असेल तर पैसे गटप्रमुखाच्या कार्डावरून जातात. माझ्या दादाने दोन दिवस स्वतःच्या फोनमध्ये कार्डं आलटून पालटून बघितली. गटप्रमुख वहिनी होती, आणि मुदत तिच्या कार्डाची संपली होती.

इथवर सगळं बरोबर असूनही नकार येत असेल तर मामला बँकेचा. फोन करा, पण 'पेमेंट होत नाही' एवढंच सांगू नका. सरळ विचारा, 'तुमच्याकडे नकाराचा कोड काय दिसतोय?' कोड ५१ म्हणजे पुरेसे पैसे नाहीत, ५४ म्हणजे मुदत संपलेली किंवा तारीख चुकीची भरलेली, १४ म्हणजे कार्डाचा क्रमांकच चुकलाय, ५७ म्हणजे या कार्डाला अशा व्यवहाराची परवानगी नाही. नव्या कार्डाच्या बाबतीत ५७ ऐकलं तर आधी ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार चालू आहेत का ते तपासायला सांगा, कारण ॲपवाली कंपनी दुसऱ्या देशातली असू शकते. ०५ हा सगळ्यात वैतागवाणा: 'नको' एवढंच, कारण काही नाही. तेव्हा फोनवरच्या माणसाला म्हणायचं, 'ही खरेदी मीच करतेय, अडवलेलं मोकळं करा,' आणि फोन चालू असतानाच पुन्हा एकदा प्रयत्न करायचा.

पत्त्याचंही बघा. काही बँका कार्डाबरोबर दिलेला पत्ता आपल्या नोंदीशी ताडून पाहतात. घर बदललेलं, बँकेत जुनाच पत्ता, फोनमध्ये नवा, मग नकार. ओटीपी जुन्या नंबरवर जात असेल तरी तेच. आणि मंजुरी बँकेच्या ॲपमध्ये द्यायची असेल तर तिकडे जाऊन रेंगाळू नका, पेमेंटची खिडकी थोड्या वेळाने मिटते.

व्हीपीएन (फोन दुसऱ्याच ठिकाणी आहे असं इंटरनेटला भासवणारी सोय) चालू असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा. फोनची तारीख-वेळ आपोआप लागेल अशी ठेवा. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरचा कॅशे (तात्पुरता साठवलेला मजकूर) साफ करून फोन बंद-चालू करा. फोनवर दोन गुगल खाती असतील तर ॲप ज्या खात्यातून उतरवलं, पैसे त्याच खात्यातून मागितले जातात, हेही लक्षात असू द्या. नवं कार्ड दुसऱ्या देशातलं असेल तर मात्र अडचण मोठी: गुगल प्लेवर देश वर्षातून एकदाच बदलता येतो, त्यामुळे 'बघू तरी' म्हणून तो बदलू नका.

दोन गोष्टी घाईने करू नका. ॲप काढून टाकू नका. त्याने वर्गणी रद्द होत नाही, उलट फोनवरच साठवलेला मजकूर जाऊ शकतो. आणि वर्गणी रद्द करून नव्याने घेऊ नका, कारण जुना स्वस्त दर असेल तर तो हातचा जाईल. एक नकार आला म्हणून लगेच सगळं संपत नाही. ॲपल वर्गणीचे पैसे ६० दिवसांपर्यंत पुन्हा पुन्हा मागून बघतं. गुगलकडेही आधी पैसे भरायला काही वाढीव दिवस मिळू शकतात, मग वर्गणी स्थगित होते, आणि त्या मुदतीत कार्ड दुरुस्त केलं तर तीच वर्गणी पुढे चालू होते.

पैसे गेले पण ॲप अजून कुलूपबंदच आहे, असं झालं तर ॲपच्या सेटिंगमध्ये 'रिस्टोअर पर्चेसेस' शोधा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. प्लेवरच्या खरेदीची पोच ॲपने ३ दिवसांत गुगलला दिली नाही, तर पैसे आपोआप परत येतात. तोवर दुसऱ्यांदा खरेदी करू नका, नाहीतर दोन वर्गण्यांचे पैसे सोडवत बसाल.

तरीही अडलंच तर मदतकक्षाला लिहा. मेलमध्ये पावतीवरचा ऑर्डर क्रमांक (गुगलचा 'जीपीए'ने सुरू होतो), तारीख-वेळ, रक्कम, पडद्यावरच्या सूचनेचा फोटो आणि कार्डाचे फक्त शेवटचे चार आकडे द्या. पूर्ण क्रमांक, कार्डाच्या मागच्या बाजूचे तीन आकडे किंवा ओटीपी कुणी मागितला तर तो मदतकक्ष नव्हे, फोन ठेवून द्या.

माझी महिन्याची सगळी बिलं आता नव्या कार्डावर गेली आहेत. एक वार्षिक वर्गणी मात्र निसटली होती. कॅलेंडरवर तिची तारीख पुढच्या मार्चमध्ये निघाली, म्हणून आजच उघडून पाहिली. खाली जुन्याच कार्डाचे चार आकडे होते.