‘कोठवर?’ असे देवाला विचारताना : कठीण काळात विश्वास टिकवणारी विलापाची प्रार्थना

दुःख झालेल्या ख्रिस्ती घरात भेटीला आलेली माणसे बहुधा एक वाक्य बोलून जातात : परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले. हे वाक्य पवित्र शास्त्रातले आहे, पण ते तिथे कोणाच्या तोंडी आहे याकडे सहसा लक्ष जात नाही. ते सांत्वनाला आलेल्या मित्रांचे नाही. ज्याची मुले गेली त्या ईयोबाचे ते स्वतःचे बोलणे आहे. त्याचे तीन मित्र आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसून राहिले, आणि त्यांच्या हातून घडलेले सर्वांत चांगले काम तेवढेच होते. पुढे तिसऱ्या अध्यायात तोच ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो आणि नंतरच्या अध्यायांतून देवाला एकामागून एक जाब विचारत जातो. शेवटी देव मित्रांना म्हणतो, की माझ्याविषयी तुम्ही यथार्थ बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला. तक्रार गिळून टाकून विश्वास बळकट होतो अशी आपल्यातल्या अनेकांची समजूत असते, पण शास्त्रातला अनुभव वेगळा आहे. तिथे ज्यांचा विश्वास टिकला, त्यांनी आपली तक्रार थेट देवाकडेच नेली. ती कशी न्यावी, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत आणि त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची, म्हणजे दुःख आणि तक्रार देवापुढे मांडणारी, आहेत. आपल्या उपासनेत मात्र बहुतेक वेळा तेविसावे, एक्क्याण्णवावे आणि एकशे एकविसावे स्तोत्र वाचले जाते. संडेस्कूलमध्ये मुले तेविसावे तोंडपाठ करतात, आणि ते योग्यच आहे, परंतु तेरावे किंवा बेचाळिसावे पाठ असलेला माणूस क्वचित भेटतो. परिणामी दिवस चांगले असताना बोलायला आपल्याजवळ शब्द असतात, आणि वाईट दिवस आले की आपण एक तर गप्प होतो किंवा जे मनात नाही ते प्रार्थनेत बोलू लागतो. वास्तविक देवाशी भांडणे मराठी मनाला परके नाही. दुष्काळात माणसे गमावलेल्या तुकोबांनी विठ्ठलाला किती प्रकारे बोल लावले, हे कोणाला सांगायला नको. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत असत. तो पूल आपल्या पायांखाली अजून आहे.

तेराव्या स्तोत्रापासून सुरुवात करावी

तेरावे स्तोत्र निवडण्याचे कारण साधे आहे. ते अवघ्या सहा ओव्यांचे आहे आणि त्यात विलापाचे सगळे अवयव स्पष्ट दिसतात. पहिल्या दोन ओव्यांत तक्रार आहे, पुढच्या दोन ओव्यांत मागणे आहे, आणि शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा आहे. पहिले तीन दिवस फक्त हे स्तोत्र सकाळी एकदा आणि रात्री एकदा मोठ्याने वाचावे. मनात वाचलेले ओठांपर्यंत येत नाही, म्हणून आवाज आवश्यक आहे, मग तो घरातल्यांना ऐकू न जाईल इतका हळू असला तरी चालेल. सुरुवातीलाच ‘कोठवर’ हा प्रश्न चार वेळा येतो. त्या प्रत्येक ठिकाणी थोडे थांबावे.

चौथ्या दिवशी एक वही घ्यावी, तारीख घालावी आणि स्तोत्रातील पहिला भाग स्वतःच्या शब्दांत लिहावा. इथे बहुतेकांची पहिली चूक होते : ‘हे प्रभू, माझ्यावर संकट आले आहे’ असे मोघम वाक्य लिहून ते थांबतात. संकटाला नाव द्यावे, दिवस आणि आकडे द्यावेत. ‘नोकरी जाऊन सात महिने झाले, दोन महिन्यांचे घरभाडे थकले आहे, मुलीच्या फीसाठी मी मेव्हण्याकडे हात पसरला, आणि रोज रात्री तीन वाजता मला जाग येते’ अशी ती प्रार्थना असावी. देवाला हे आधीच ठाऊक असते हे खरे आहे, पण लिहिणाऱ्याला अनेकदा ते ठाऊक नसते. आपल्याला नेमके काय डाचते आहे, हे वहीतले चौथे किंवा पाचवे वाक्य लिहिताना कळते.

लिहून झाल्यावर प्रत्येक वाक्यातले सर्वनाम तपासावे. मराठीत आपण वडीलधाऱ्यांना ‘तुम्ही’ आणि परक्यांना ‘आपण’ म्हणतो, देवाला मात्र ‘तू’ म्हणतो, आणि हा आपल्या भाषेने दिलेला मोठा आधार आहे. ‘देव माझ्याशी असे का वागतो?’ हे वाक्य देवाविषयी आहे, ‘तू माझ्याशी असे का वागतोस?’ हे देवाशी आहे. अरण्यातल्या इस्राएल लोकांनी आपापल्या तंबूंत बसून कुरकुर केली, आणि स्तोत्रकर्त्यांनी तेच दुःख देवासमोर उभे राहून मांडले. दुःख दोघांचेही खरे होते. फरक होता तो तोंड कोणाकडे आहे याचा. म्हणून वहीत जिथे ‘देव’ किंवा ‘तो’ आला असेल तिथे ‘तू’ घालून ते वाक्य पुन्हा लिहावे. एवढ्या लहान दुरुस्तीने किती फरक पडतो, हे करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

दुसरा भाग मागण्याचा आहे. ‘माझे डोळे प्रकाशित कर’ असे स्तोत्रकर्ता दावीद मागतो, नाहीतर मला मृत्यूची झोप लागेल, असे सांगतो. मागणे इतके थेट असावे. आजार पूर्ण बरा व्हावा असे अवश्य मागावे, आणि त्याबरोबर आजच्या दिवसापुरतेही काही मागावे : केमोथेरपीनंतर दोन घास पोटात राहू देत, उद्याच्या तारखेला वकील वेळेवर येऊ दे, आज सासूबाईंशी बोलताना माझा तोल जाऊ देऊ नकोस.

तिसऱ्या भागाबाबत घाई करू नये. चौथ्या आणि पाचव्या ओवीमध्ये छापील पानावर एका ओळीचेही अंतर नाही, पण आयुष्यात ते अंतर कित्येक महिन्यांचे असू शकते. ज्या दिवशी ‘मी तर तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे’ असे मनापासून म्हणता येत नाही, त्या दिवशी वहीतली ती जागा कोरी सोडावी. हेमान एज्राही याच्या नावावर असलेले अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र असेच कोरे संपते. त्यात शेवटपर्यंत उजेड येत नाही, अखेरचा शब्दही अंधाराचाच आहे, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि त्याची सुरुवात ‘माझ्या उद्धारक देवा’ अशा हाकेने होते. अंधारात असताना हाक मारली, एवढाही विश्वास देवाने आपल्या पुस्तकात जपून ठेवला आहे.

आपण असे बोललो तर देवाचा अपमान होईल, अशी भीती काहींना वाटते. त्यांनी वधस्तंभाकडे पाहावे. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हे बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वाक्य प्रभू येशूने मरतेवेळी स्वतः उच्चारले. लाजर वारला तेव्हा मार्था आणि मरीया या दोघी बहिणी वेगवेगळ्या वेळी त्याला एकच गोष्ट म्हणाल्या, की प्रभू, तू इथे असतास तर माझा भाऊ मेला नसता. त्याने दोघींपैकी एकीलाही दटावले नाही. मरीयेला रडताना पाहून तो स्वतः रडला.

शरीर, झोप आणि डॉक्टर

एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून ‘आता पुरे, माझा प्राण घे’ असे म्हणाला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. देवदूताने त्याला निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिले, तो पुन्हा झोपला, पुन्हा उठवून त्याला खाऊ घातले, आणि संभाषण झाले ते त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब पर्वतावर. कठीण काळात उपवास वाढवणाऱ्या भाविकांनी हा क्रम ध्यानात ठेवावा. जेवण आणि झोप सुटली असेल तर आधी ती सावरावी, आणि प्रार्थनेला दहाच मिनिटे, पण रोजची तीच वेळ आणि तीच जागा द्यावी. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, किंवा जगणे नको असे विचार येत असतील, तर ते विश्वासाची उणीव समजून लपवू नये. त्याच दिवशी घरातल्या कोणाला तरी सांगावे आणि डॉक्टरांकडे जावे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

याच ठिकाणी एक इशारा देणे मला कर्तव्य वाटते. ‘तुमचा विश्वास कमी पडला म्हणून तुम्ही बरे होत नाही’ असे सांगणारा मनुष्य कितीही प्रसिद्ध असला तरी त्याचे ऐकू नये. प्रेषित पौलाने ‘शरीरातला काटा’ (त्याची एक सततची पीडा) निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही. त्याला कृपा मिळाली. पौलाचा विश्वास कमी पडला, असे म्हणण्यास कोणी धजावेल असे मला वाटत नाही.

प्रार्थना सुचत नाही तेव्हा

असे दिवस येतात, की वही उघडवतही नाही. त्या दिवसांसाठी उसने शब्द आधीपासून साठवून ठेवावेत. प्रभूची प्रार्थना, पाठ असलेले एखादे गीत, कॅथलिक घरातली रोझरी, किंवा ‘माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून दे’ ही मार्काच्या शुभवर्तमानात आजारी मुलाला येशूकडे आणणाऱ्या बापाची एका ओळीची प्रार्थना पुरेशी आहे. गेथशेमाने बागेत प्रभूने तीन वेळा त्याच शब्दांत प्रार्थना केली, तेव्हा आपल्याला रोज नवे शब्द सुचलेच पाहिजेत असे नाही.

आणि हेही सुचत नसेल तर दुसऱ्यांनी आपल्यासाठी प्रार्थना करावी. पक्षाघात झालेल्या माणसाला चौघांनी छपरातून खाली सोडले, तेव्हा येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला असे शास्त्र सांगते. आपले चौघे कोण, हे संकट येण्यापूर्वी ठरवून ठेवणे शहाणपणाचे आहे. चार नाही तर दोन तरी असावेत, आणि त्यांत एखादी अशी व्यक्ती असावी जी ऐकताना लगेच वचन काढून दाखवत नाही. २०२० साली कोरोनाच्या साथीत मंडळ्यांची (चर्चची) दारे महिनोन्‌महिने बंद राहिली आणि दफनविधीला मोजकीच माणसे जाऊ शकली, तेव्हा फोनवरून होणाऱ्या प्रार्थनासभांनी कित्येक घरांना धरून ठेवले. त्यांतल्या काही सभा अजून चालू आहेत, आणि आजारी किंवा वृद्ध माणसांसाठी त्या चालू राहणे आवश्यक आहे.

सोबत करणाऱ्यांसाठी थोडे सांगायचे तर, ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणू नये. दुःखी माणूस सांगत नाही. मंगळवारी डबा घेऊन येतो, गुरुवारी दवाखान्यात रात्री मी थांबतो, असे ठरवून सांगावे आणि ते करावे.

रमाबाईंकडून शिकण्यासारखे

मराठी ख्रिस्ती माणसाने कठीण काळाचा विचार करताना पंडिता रमाबाईंना टाळून पुढे जाऊ नये. १८७४ च्या सुमाराला दुष्काळात त्यांचे आईवडील आणि मग बहीण गेली, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती बिपिन बिहारी मेधावी कॉलऱ्याने गेले, आणि पदरी मनोरमा ही तान्ही मुलगी उरली. ज्या बाईने भूक अंगावर काढली होती, तीच १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली आणि विधवांना घेऊन आली, आणि केडगावचे मुक्ती मिशन हे त्यांचे आश्रयस्थान त्यांतून वाढले. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. ते अखेरच्या टप्प्यात असताना १९२१ साली मनोरमाही गेली. मुलीमागे उरलेले थोडे महिने रमाबाईंनी त्या कामात घालवले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या.

या चरित्रातून व्यवहारात उचलण्याजोगी गोष्ट माझ्या मते ही आहे, की त्यांच्याजवळ रोज सकाळी पुढे ओढायचे एक ठरलेले काम होते, आणि ते वचनाशी आणि इतरांच्या गरजेशी जोडलेले होते. आपले काम त्यांच्याएवढे मोठे असण्याची गरज नाही. रोज एक अध्याय हाताने उतरवून काढणे, शेजारच्या आजींना स्तोत्र वाचून दाखवणे, मंडळीतल्या दोन मुलांचा अभ्यास घेणे, यांपैकी काहीही चालेल. फक्त मनाची अवस्था पाहून ते करू किंवा सोडू नये.

ज्यांचा विश्वास सावकाश चालतो त्यांनी रेव्हरंड टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळकांची आठवण ठेवावी. पतीचा बाप्तिस्मा १८९५ साली झाला, त्यांचा स्वतःचा १९०० साली. मधली वर्षे वियोगाची, रागाची आणि प्रश्नांची होती, आणि त्यांनी ती वर्षे कोणाच्या सांगण्यावरून आखडती घेतली नाहीत.

वही चालू राहिली तर साधारण तीन महिन्यांनी पहिली पाने उघडावीत. काही मागण्यांपुढे उत्तराची तारीख घालता येईल, काहींपुढे येणार नाही, आणि दोन्ही तशीच ठेवावीत. शमुवेल संदेष्ट्याने उभारलेल्या एबन-एजर या स्मारक-दगडाचा अर्थही ‘येथवर परमेश्वराने साहाय्य केले’ एवढाच होता.

शेवटची सूचना पाळकांना आणि वडीलमंडळींना आहे. वर्षातून निदान एका रविवारी उपासनेत अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र पूर्ण वाचावे. वाचणारा स्वतः दुःखातून गेलेला असावा, त्याला आधी विचारून त्याची संमती घ्यावी, आणि स्तोत्र संपल्यावर लगेच गीत सुरू न करता दोन मिनिटे सर्वांनी शांत बसावे.