गावची विहीर, शाळेची वही: मुलांच्या पाणी-प्रकल्पांना शास्त्रज्ञांनी साथ कशी द्यावी

जुलै उजाडला की पाण्यावर काम करणाऱ्या आम्हा मंडळींना शिक्षकांचे फोन येऊ लागतात. "सर, बालविज्ञान परिषदेसाठी मुलांना पाण्यावर प्रकल्प करायचा आहे, एखादा चांगला विषय सुचवा." राष्ट्रीय बालविज्ञान परिषद १९९३ पासून भरते. १० ते १७ वर्षे वयाची मुले तीत आपल्या परिसरातील एखाद्या प्रश्नाचा अभ्यास मांडतात आणि जिल्हा, राज्य असे टप्पे ओलांडत राष्ट्रीय पातळीपर्यंत जातात. शिवाय तालुक्याची विज्ञान प्रदर्शने असतात, आणि शालेय मुलांच्या नव्या कल्पनांसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या इन्स्पायर-मानक योजनेत निवडलेल्या कल्पनेला प्रतिकृतीसाठी १०,००० रुपये मिळतात. भूजल यंत्रणेत, विद्यापीठात किंवा एखाद्या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या ज्या सहकाऱ्यांना या मुलांना मनापासून साथ द्यावीशी वाटते, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. माझे म्हणणे एवढेच की आपण मुलांना विषय किंवा उपकरण देण्याआधी एकच गोष्ट नीट, न चुकता आणि अनेक महिने मोजण्याची सवय द्यावी, आणि त्या मोजणीतून जे हाती येईल ते गावापर्यंत पोहोचेल याची काळजी घ्यावी.

या हिशेबाने जुलैतला फोन उशिराचा ठरतो. विहिरीची वर्षातील सर्वांत खालची पातळी मे महिन्याच्या अखेरीस दिसते आणि पावसाळ्यानंतरची भरलेली पातळी ऑक्टोबरच्या सुरुवातीला. या दोन नोंदींतील फरक हाच अभ्यासाचा कणा असतो. म्हणून शाळा सुटण्यापूर्वी, एप्रिलमध्येच, मुख्याध्यापकांची भेट घ्यावी, आपल्या कार्यालयाचे रीतसर पत्र द्यावे आणि ज्यांच्या विहिरी मोजायच्या त्यांची संमती मुलांनी स्वतः जाऊन घ्यावी. मे महिन्यात मुले मामाच्या गावी जातात, हे गृहीत धरून गावातच राहणाऱ्या दोघा-तिघांवर ती एक नोंद सोपवावी. पाच विहिरी पुरेशा असतात. पंचवीस विहिरींचा संकल्प करणाऱ्या गटांच्या वह्या श्रावणातच कोऱ्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत.

विहीर मोजण्याची रीत मुलांना एकदा काठावर उभे राहून दाखवावी लागते, कारण ती कागदावर वाचून येत नाही. कठड्यावर एक जागा ठरवून तिथे तैलरंगाने ठळक खूण करावी, म्हणजे वर्षभर प्रत्येक जण त्याच खुणेवरून मोजेल. टेपच्या टोकाला लहान वजन बांधावे आणि शेवटच्या मीटरभर भागाला खडू फासावा. टेप पाण्यात बुडेपर्यंत सोडावा आणि खुणेशी पूर्ण आकडा येईल असा धरावा. मग वर ओढून खडू कुठवर भिजला आहे ते पाहावे. समजा खुणेशी आकडा ९.५० मीटर होता आणि टेपचा ०.४२ मीटर भाग भिजला, तर खुणेपासून पाणी ९.०८ मीटरवर आहे. कठडा जमिनीपासून ०.८० मीटर उंच असेल तर तेवढे वजा करावे, म्हणजे जमिनीपासून पाण्याची खोली ८.२८ मीटर येते. कठड्याची उंची वजा करायची राहून जाणे ही अगदी नेहमीची चूक आहे. ती मुलांनी स्वतः शोधून काढली तर पुन्हा होत नाही, त्यामुळे पहिल्या दिवशी ती आपण होऊन दुरुस्त करण्याची घाई करू नये.

मोजणी सकाळी, मोटर सुरू होण्यापूर्वी करावी. रात्री वीज असल्याने मोटर चालली असेल तर तशी नोंद वहीत घालावी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजावे, कारण उपसा थांबल्यावर पातळी सावरायला वेळ लागतो. तीन वेळा मोजून तिन्ही आकडे लिहावेत. सरासरी नंतर काढता येते, पण खोडलेला आकडा परत मिळत नाही. कठडा नसलेल्या किंवा ढासळलेल्या विहिरीवर मुलांना मुळीच नेऊ नये, आणि टेप सोडणाऱ्या मुलाशेजारी एक मोठे माणूस कायम असावे. या दोन बाबतींत शिक्षकांनी कितीही आग्रह केला तरी सवलत देऊ नये.

हे काम दोन-तीन आठवडे चालले की मुले स्वतःच प्रश्न विचारू लागतात, आणि खरा विषय तिथे सापडतो. "ताईंच्या विहिरीला पाणी लवकर चढले, आमच्या विहिरीला का नाही?" हा प्रश्न जलसंधारणावरच्या कोणत्याही आयत्या शीर्षकापेक्षा मोलाचा आहे. अशा वेळी मुलांना विहीर खोदणाऱ्या जुन्या माणसांकडे पाठवावे. मुरूम किती खोल होता, मांजऱ्या (बेसाल्टचा मऊ, सच्छिद्र थर) कुठे लागला, काळा पाषाण कुठे सुरू झाला आणि झरा कोणत्या बाजूने फुटला, हे त्यांना हातावरच्या रेषांसारखे ठाऊक असते. त्यांच्या सांगण्यावरून मुलांनी विहिरीचे उभे चित्र काढले की आपण नकाशावर जे दाखवतो ते त्यांच्या वहीत उतरलेले असते.

इथे आपले विशेष ज्ञान खरोखर कामी येते. महाराष्ट्राचा सुमारे चार पंचमांश भूभाग दख्खनच्या बेसाल्टने, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाने, व्यापलेला आहे. या खडकात पाणी वाळूतल्यासारखे सर्वत्र भरलेले नसते, ते झिजलेल्या थरात आणि फटींत असते. पण शाळाशाळांतून दिसणारी भूजलाची प्रतिकृती म्हणजे काचेच्या टाकीतली वाळू आणि तीत खुपसलेली नळी. ती पाहून मुलांच्या मनात जमिनीखाली मोठा तलाव असल्याचे चित्र पक्के होते आणि पुढे आयुष्यभर पुसले जात नाही. त्याऐवजी टाकीत शहाबादी फरशीचे तुकडे थर लावून रचावेत, काही फटी चिकणमातीने बुजवाव्यात, काही मोकळ्या ठेवाव्यात आणि वर मुरमाचा थर द्यावा. दोन बारीक नळ्या बोअर म्हणून उभ्या कराव्यात, एक मोकळ्या फटीपर्यंत जाणारी आणि दुसरी तिच्यापासून वीतभर अंतरावर, बुजवलेल्या भागात. पाणी ओतून इंजेक्शनच्या सिरिंजने ओढले की एका नळीतून पाणी येते आणि दुसरी कोरडी राहते. शेजाऱ्याच्या बोअरला पाणी लागले आणि आपल्याला का लागले नाही, हे गावातील माणसाला या टाकीपाशी दोन मिनिटांत उमगते. पाणाड्यावर विश्वास असणाऱ्यांशी वाद घालण्याची गरजही मग फारशी उरत नाही. त्यांची थट्टा तर कधीच करू नये. कर्ज काढून तिसरे बोअर घेणाऱ्या शेतकऱ्याला आधार हवा असतो, आणि नारळ तळहातावर धरून येणारा माणूस त्याला तो देतो. मुलांना फक्त एवढे सुचवावे की पाणाड्याने दाखवलेल्या आणि न दाखवलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या बोअरची गावात यादी करा आणि पाणी किती ठिकाणी लागले ते मोजा.

आकडेमोड मुलांच्या हातूनच व्हावी. सहा मीटर व्यासाच्या गोल विहिरीत पाणी एक मीटर चढले तर सुमारे २८,००० लिटर पाणी वाढते, हे सातवीच्या मुलाला काढता येते. पुढची पायरी थोडी अवघड आहे, पण तीच सर्वांत अर्थपूर्ण आहे. झिजलेल्या बेसाल्टमधून उपसता येणारे पाणी त्या खडकाच्या घनफळाच्या साधारण १ ते ३ टक्के असते. २ टक्के धरले आणि परिसरातील पातळी ३ मीटरने चढली, तर जमिनीत साठलेले पाणी केवळ ६० मिलिमीटर उंचीचे भरते. पावसाळ्यात ६०० मिलिमीटर पाऊस झाला असेल, तर त्यातला दहावा हिस्सा मुरला. मुलांनी हा हिशेब स्वतः फळ्यावर मांडला की वर्गात जी शांतता पसरते ती मी अनेकदा अनुभवली आहे. तीन मीटर चढलेली विहीर पाहून आनंदलेल्या मुलांना ते पाणी किती थोडे आहे हे पहिल्यांदाच दिसते.

पाण्याच्या गुणवत्तेचा प्रकल्प घ्यायचा असेल तर अधिक सावध राहावे लागते. टीडीएस मीटर स्वस्त आहे आणि आकडा लगेच दाखवतो, म्हणून प्रदर्शनांत तो फार दिसतो. परंतु तो पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो आणि जंतूंविषयी काहीही सांगत नाही. आकडा कमी म्हणजे पाणी शुद्ध, हा समज आपल्या मदतीने पसरता कामा नये. जंतूंसाठी एच टू एसची (हायड्रोजन सल्फाइड चाचणीची) बाटली वापरावी. पाणी भरल्यावर २४ ते ४८ तासांत ती काळी पडली तर दूषितपणाचा संशय घ्यावा. संशय हाच शब्द मुलांनी अहवालात लिहावा, कारण खात्री प्रयोगशाळेतच होते. गावातील जलसुरक्षक पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकल्यानंतर ओटी परीक्षण, म्हणजे ऑर्थोटोलिडीन वापरून शिल्लक क्लोरीनची तपासणी, करतात, तेव्हा मुलांना सोबत नेऊन अर्ध्या तासानंतर ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर तरी क्लोरीन शिल्लक राहते का हे पाहायला सांगावे. ओटीचे रसायन मात्र आरोग्यास अपायकारक मानले जाते, त्यामुळे ते मुलांच्या हाती देऊ नये.

प्रदेशानुसार प्रश्न बदलावा. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागात, क्षार मोजणे अर्थपूर्ण आहे, तर यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांच्या काही भागांत फ्लोराइड. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत आणि फ्लोराइड १ मिलिग्रॅमपर्यंत असावे. दुसरा स्रोतच नसेल तर फ्लोराइड १.५ पर्यंत चालवून घेतले जाते. पाणी उकळल्याने हे दोन्ही घटक जात नाहीत, उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण वाढते, हे गावात आवर्जून सांगावे.

एका वर्षी मी एका गटाचा अहवाल हौसेने स्वतःच सुधारून दिला होता. भाषा नेटकी झाली, आलेख देखणे झाले. जिल्हास्तरावर परीक्षकांनी त्या मुलीला साधा प्रश्न विचारला, "मोजणी सकाळीच का केलीस?" ती माझ्याकडे पाहू लागली. कारण मी तिला सकाळी मोजायला सांगितले होते, का ते सांगितले नव्हते. तिची आठ महिन्यांची पहाटेची मेहनत त्या एका क्षणात निसटली आणि त्यात दोष पूर्णपणे माझा होता. तेव्हापासून मी मुलांच्या अहवालावर पेन टेकवत नाही. समासात प्रश्न लिहून देतो आणि उत्तर त्यांनी त्यांच्या शब्दांत लिहावे अशी वाट पाहतो. परीक्षक म्हणून बोलावणे आले तरी हेच धोरण ठेवावे. व्याख्या विचारू नयेत. वही मागावी, पावसात भिजलेली पाने पाहावीत आणि "ही नोंद इतरांपेक्षा वेगळी का आली?" असे मुलांच्या बोलीत, त्यांच्या शेजारी बसून विचारावे. फसलेली मोजणी प्रामाणिकपणे मांडणाऱ्या गटाला गुण द्यायला कचरू नये.

निष्कर्ष गावापुढे नेण्याचा क्रम काटेकोरपणे पाळावा. एखाद्याच्या विहिरीचे पाणी सदोष आढळले तर ते आधी त्या घरी जाऊन सांगावे, नमुना शासकीय प्रयोगशाळेत पुन्हा तपासून घ्यावा, मग सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांशी (पूर्वीचे ग्रामसेवक) बोलावे आणि त्यानंतरच तो विषय ग्रामसभेत न्यावा. वर्गात किंवा प्रदर्शनाच्या फलकावर मालकाचे नाव लिहू नये, विहिरीला क्रमांक द्यावा. मुलांच्या एका फलकामुळे एखाद्या घराशी गावाने पाण्याचा व्यवहार तोडला तर ती जखम भरत नाही. पातळीचे आकडे मांडायला २ ऑक्टोबरची ग्रामसभा सर्वांत सोयीची, कारण रब्बीत गहू घ्यायचा की हरभरा, हा विचार शेतकऱ्यांच्या मनात तेव्हा चालू असतो. आपण मागच्या रांगेत बसावे आणि बोलू मुलांना द्यावे. नातीने आकडा सांगितला की आजोबा ऐकतात. आम्ही पत्रके वाटून जे साधले नव्हते ते मी असे घडताना पाहिले आहे.

एप्रिलमध्ये वही आणि टेप पुढच्या वर्गाच्या हाती द्यावेत. त्या दिवशी जुन्या आणि नव्या मुलांनी एकाच सकाळी, एकाच खुणेवरून, स्वतंत्रपणे मोजावे. दोघांच्या आकड्यांत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोघांनी पुन्हा मोजावे, आणि आकडे जुळले की दोघांच्याही सह्या त्याच ओळीत घ्याव्यात.